धंदा रक्तात नसतो

दिवाळीच्या फराळाला चार घरची मंडळी जमली, की शंकरपाळ्यांची दुसरी वाटी येईतो एक वाक्य हमखास कानी पडते. कुणाचा तरी मुलगा मोठी पदवी घेऊन दोन वर्षे घरी बसलेला असतो. कुणी तरी भीत भीत सुचवतो, की त्याला एखादे दुकान का काढून देत नाही? आणि मग मंडळींतले सर्वांत पोक्त गृहस्थ बशी खाली ठेवून निकाल देतात, "छे हो! धंदा आपल्या रक्तात नाही." सर्वांना हायसे वाटते. चहा येतो. मुलगा आतल्या खोलीत जाऊन पुन्हा स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडतो.

हा लेख त्या वाक्यावर आहे. मी ते वीस वर्षे ऐकले आणि त्यांतली काही वर्षे स्वतःही उच्चारले. तेव्हा दुसऱ्याच्या घरावर धोंडे फेकण्याचा हा प्रकार नाही.

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे ज्यांना लेख सोडून पुढच्या कथेकडे वळायचे असेल त्यांना वेळेवर वळता येईल. मी मॅट्रिक आहे. आजच्या भाषेत दहावी. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि गेली चोवीस वर्षे मुलांना चित्रकला शिकवतो. तीन कादंबऱ्या नावावर आहेत. त्यांतल्या एकीलाही कागद आणि चहा मिळून किती रुपये लागले, हे मला सांगता येणार नाही. मग व्यवस्थापनावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे कुणी विचारील. अधिकार एकच. एक चालते दुकान मरताना मी त्याच्या गल्ल्यावर बसून पाहिले आहे.

राहायला मी नागपुरात, सदरला. सदर बाजार हे नावच मुळी छावणीच्या बाजाराचे. इथल्या मोठ्या रस्त्याला लोक अजून रेसिडेन्सी रोडच म्हणतात. पारशी, ख्रिस्ती, मुसलमान, सिंधी, मारवाडी आणि त्यांच्यामध्ये मावू तेवढे आम्ही मराठी, असे सगळे इथे पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून आहोत. २००४ च्या जूनमध्ये माझ्या थोरल्या भावाने या वस्तीत वह्या-कागदांचे दुकान काढले. दादा अर्थशास्त्राचा एम.ए. आहे. बाबांना निवृत्तीचे पैसे मिळाले होते. त्यांतले दोन लाख त्यांनी दादाच्या हाती ठेवले. चाळीस हजार जागेची अनामत, तीस हजार कपाटे आणि काउंटर, उरलेल्या एक लाख तीस हजारांचा माल. सकाळची शाळा आटोपून दुपारी गल्ल्यावर मी बसत असे.

दुकान चालले नाही, असे कृपा करून समजू नका. ते दणक्यात चालले. जून-जुलैत तर गिऱ्हाईक पायऱ्यांवर उभे असे. आजूबाजूच्या शिकवणी वर्गांचा आणि कचेऱ्यांचा माल आमच्याकडून जाई. दादा गोड बोलणारा, हिशेबाला सरळ, व्यसन कसले ते ठाऊक नाही. आणि तरीही अठरा महिन्यांनी, २००६ च्या जानेवारीत, आम्ही शटर ओढले ते कायमचे. शेवटच्या महिन्यात ठोक व्यापाऱ्याचे देणे भागवायला आईच्या पाटल्या गेल्या. आईने त्या काढून देताना एक शब्द बोलली नाही. फक्त दुकानाची लाल वही देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. दर लक्ष्मीपूजनाला ती वही आजही बाहेर येते, तिला हळदकुंकू लागते आणि ती पुन्हा आत जाते. आमच्या घरात लक्ष्मीपूजन म्हणजे त्या वहीचे वर्षश्राद्ध आहे.

नातेवाइकांनी कारण शोधायला वेळ घालवला नाही. रक्तात नाही! बाबाही तेच म्हणाले. दादा तर ते अशा समाधानाने म्हणाला, की मला त्याचे नवल वाटले. आता कळते. ठपका रक्तावर गेला, की माणूस सुटतो.

आमच्या शेजारी एका सिंधी गृहस्थांचे कापडाचे दुकान होते. त्यांना आम्ही काकाजी म्हणत असू. त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्याकडे बसलो असता बोलून गेलो, "काकाजी, तुमच्या रक्तातच धंदा आहे. आम्हां लोकांच्या नाही." काकाजी इतके मोठ्याने हसले, की गादीवरचा नोकर थान उलगडता उलगडता थांबला. "अरे मास्टर," ते म्हणाले, "मेरा बाप भी मास्टर था. सिंध में बच्चों को पढ़ाता था." फाळणीनंतर ते कुटुंब नागपूरला आले तेव्हा काकाजी दहा-बारा वर्षांचे होते. शाळामास्तरांनी पंचे-टॉवेल ठेल्यावर घालून विकायला सुरुवात केली आणि पहिले वर्षभर, रोज विक्री होऊनही, घरात रोज उपास. पुढे केव्हा तरी मास्तरांच्या ध्यानात आले, की टॉवेलची किंमत धरताना ठेल्याचे भाडे धरायचे राहूनच गेले होते. रक्त त्या वर्षी कुठे गेले होते, कोण जाणे.

मग काकाजींनी मला ती लाल वही आणायला लावली. देव्हाऱ्यातून वही काढताना आईने माझ्याकडे कसे पाहिले ते लिहीत नाही. दोन दुपारी आम्ही बसलो. त्या बैठकीचा हिशेब वाचकांनी कंटाळा न करता वाचावा, अशी माझी विनंती आहे. कारण या लेखात शिकण्यासारखे जे काही आहे ते एवढेच आहे.

महिन्याची विक्री सरासरी साठ हजार. आठ रुपयांची वही आम्ही दहाला विकत होतो. म्हणजे साठ हजारांत बारा हजार आमचे. त्यातून भाडे साडेतीन हजार, पोऱ्याचा पगार दीड हजार, वीज सातशे, किरकोळ तीनशे, असे सहा हजार वजा. उरले सहा हजार. म्हणजे दुकान फायद्यात होते! अठरा महिने सतत फायद्यात होते. हे वाक्य काकाजींनी उच्चारले तेव्हा मी दोनदा बेरीज करून पाहिली.

मग पैसा गेला कुठे? दादा रात्री गल्ल्यातून घरखर्च नेई: भाजी, सिलिंडर, बहिणीची फी, पाहुण्यांसाठी मिठाई. दुकान आपले, गल्ला आपला, मग लिहायचे कशाला? काकाजींनी खुणा करून काढले, तर हा आकडा महिना नऊ हजार निघाला. कमाई सहाची, उचल नवाची. महिन्याला तीन हजार आम्ही भांडवलातले खात होतो. अठरा महिन्यांत चोपन्न हजार. आणि साठ हजारांच्या विक्रीतली पंचवीस हजारांची विक्री उधारीची होती, तीही चार-चार महिने न येणारी. म्हणजे कोणत्याही दिवशी आमचे एक लाख रुपये लोकांच्या खिशात. एक लाख आणि चोपन्न हजार; माल भरला होता एक लाख तीस हजारांचा. कपाटे रिकामी का झाली आणि वर चोवीस हजारांसाठी पाटल्या का गेल्या, हे सांगायला रक्त तपासण्याची गरज नव्हती. इयत्ता चौथीचे गणित पुरे होते. दादा एम.ए. होता.

आणि शटर पडल्यावर त्या एक लाखाचे काय झाले म्हणता? बंद दुकानाची उधारी कोण फेडतो!

त्याच दुपारी काकाजींचा नातू, असेल नऊ-दहा वर्षांचा, गल्ल्यावर बसला होता. बरणीतली एक गोळी त्याने तोंडात टाकली. काकाजींनी माझ्या हिशेबातून मान वर न करता म्हटले, "लिख." पोराने वहीत लिहिले: पन्नास पैसे, स्वतःच्या नावे. पुढे हा मुलगा मोठा होऊन दुकान चालवू लागला, की लोक म्हणणार, पाहा, रक्तातच आहे! रक्तात काय आहे? दहा वर्षे रोज संध्याकाळी कुणी तरी 'लिख' म्हणत होते, हे आहे. ते एक विद्यापीठ आहे आणि त्याला सुट्या नाहीत. आपल्या मुलांना आपण त्याच वयात सांगतो, "गल्ल्यापाशी जाऊ नको, अभ्यास कर." आणि बावीस वर्षांनी तक्रार करतो, की व्यवहार कळत नाही.

एका काकाजींवरून सिद्धान्त काय काढता, असे कुणी म्हणेल. मग आपल्याच गावाचा इतिहास काढू. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. जमशेटजी टाटांनी तिचा कारभार ज्यांच्या हाती दिला ते बेझनजी दादाभाई मेहता आले होते रेल्वेच्या नोकरीतून. कापड-गिरणीचा त्यांना अनुभव नव्हता. हेच बेझनजी पुढे त्या गिरणीचे नामांकित कारभारी झाले, 'सर' झाले. सुरुवातीला गिरणीत हलकी यंत्रे बसली आणि सूत चांगले निघेना. ती चूक हिशेबात दिसली, कबूल केली गेली आणि यंत्रे बदलली. १८८६ साली त्या गिरणीने कामगारांसाठी पेन्शनचा फंड काढला. कामगार टिकला तर माल टिकतो, हेही शिकूनच कळते. एका मारवाडी सावकाराने जमशेटजींना गिरणीसाठी पैसे द्यायला नकार दिला होता आणि हा माणूस सोने मातीत घालतो आहे असे म्हटले होते, अशी गोष्ट सांगतात. पुढे त्यानेच कबूल केले, की याने माती घालून सोने काढले. आता सांगा, धंदा कुणाच्या रक्तात होता? सावकाराच्या, की रेल्वेच्या नोकराच्या?

(गिरणी २००२ साली बंद पडली, हे मला कुणी आठवण करून देण्याआधी मीच सांगतो. सव्वाशे वर्षांनी बंद पडली. आमचे दुकान अठरा महिन्यांनी.)

त्याहून मौजेची गोष्ट जमशेटजींच्या मुलाची. दोराबजी मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, केंब्रिजचे पाणी प्यालेले. असल्या बापाच्या पोटी जन्मलेल्याला रक्ताची काय वाण? तरीही बापाने त्यांना कापसाचा व्यापार शिकायला नागपूरला, याच गिरणीत धाडले. टाटाच्या मुलाला जे शिकावे लागले, ते तुमच्या-माझ्या मुलाला जन्मतः यावे आणि न आले तर तो रक्ताचा दोष, ही आपली अपेक्षा!

आणि मराठी नाव हवे असेल तर लक्ष्मणराव किर्लोस्कर घ्या. वडील वेदान्ती. मुलगा मुंबईला चित्रकला शिकायला गेला. रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले तेव्हा यंत्रांची ड्रॉइंग शिकवू लागला. म्हणजे माझाच व्यवसायबंधू, ड्रॉइंग मास्तर. १८८८ साली बेळगावला सायकलींचे दुकान निघाले आणि पुढे लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. वेदान्त्याच्या रक्तात नांगर विकणे असते काय? तो माणूस दोन वर्षे शिकत होता.

आता आमच्या विद्येच्या मंदिरांकडे वळतो. नागपूर विद्यापीठाची शंभरी २०२३ साली झाली. २०१५ पासून गावात आय.आय.एम. आहे, २०२२ साली मिहानमध्ये तिची स्वतःची प्रशस्त वास्तू उभी राहिली. तिथे देशभरातून कठीण परीक्षा देऊन मुले येतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार अशी, की व्यवस्थापन ही फक्त अशाच ठिकाणी, भरमसाट पैसे मोजून, पदवीनंतरची आणखी एक पदवी म्हणून शिकायची गोष्ट आहे, असे बाकीच्या सर्वांनी ठरवून टाकले. रसायनाचा एम.एस्सी., मराठीचा एम.ए., इंजिनियर, डॉक्टर यांना त्याची गरज नाही म्हणे. अहो, डॉक्टर दवाखाना काढतो, मराठीचा एम.ए. शिकवणी काढतो, नाटकवाला नाटक बसवतो, मी कादंबरी लिहितो. यांतले कोणते काम भाडे, पगार, उधारी यांवाचून होते? वकिलीच्या खोलीलाही वीज-बिल येतेच.

जिथे काही शिकवले जाते तिथे काय शिकवतात तेही पाहा. एका महाविद्यालयात, नाव घेत नाही, मला पाहुणा म्हणून बोलावले होते. विषय 'उद्योजकता'. एका तरुण वक्त्याने पडद्यावर चित्रे दाखवून पाऊण तास मुलांना 'मोठी स्वप्ने पाहा' असे सांगितले. मुले टाळ्या वाजवत होती. मी उठून एकच प्रश्न विचारला: दुकान फायद्यात असूनही गल्ला रिकामा, हे कसे होते? पदव्युत्तर वर्गाची साठ मुले आणि त्यांचे प्राध्यापक माझ्याकडे असे बघू लागले, की मी कोडे घातले आहे. ज्या कोड्यात माझ्या आईच्या पाटल्या गेल्या ते अजून तसेच पडून आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्युत्तर वर्गांना आता प्रत्यक्ष कामाचा अनुभव आला आहे. चांगली गोष्ट. पण सदरमधल्या दुकानदारांना विचारा. मुले येतात आणि पहिल्याच दिवशी म्हणतात, "भाऊ, तेवढा शिक्का मारून द्या ना." दुकानदारही देतो, त्याला तरी शिकवण्याचा वेळ कुठे आहे? शिक्का मिळतो, गुण मिळतात, कामाचे तास कागदावर भरतात.

माझे म्हणणे साधे आहे. कोणत्याही विषयाचा पदव्युत्तर विद्यार्थी असो, त्याला चार महिने एका खऱ्या दुकानाचा, कारखान्याचा, खानावळीचा रोजमेळ लिहायला बसवा. रोज संध्याकाळी गल्ला मोजायचा आणि वहीशी जुळवायचा. जुळला नाही तर घरी जायचे नाही. एका समोशाची खरी किंमत काढायची, त्यात गॅस, जागा, पोऱ्या आणि न खपलेले समोसेही धरून. पोऱ्या दोन दिवस का आला नाही, हे त्याला न दरडावता विचारून यायचे. परीक्षा मराठीत घ्या, वहीवर घ्या, पडदा आणि चित्रे नकोत.

आणि एक धडा असा, की जो कोणत्याही पुस्तकात नाही: आपले पैसे मागणे. आम्ही मराठी पांढरपेशे इथे हमखास मरतो. दादाला मी उधारी मागायला जाताना पाहिले आहे. शिकवणी वर्गाच्या चालकाकडे तो जाई, चहा घेई, त्यांच्या मुलाच्या गुणांची चौकशी करी आणि परत येई. विचारले तर म्हणे, "बरं नाही दिसत रे. ओळखीचे आहेत." काकाजींचा नोकर त्याच माणसाकडे दर शनिवारी सकाळी दहाला जाई, हसत नमस्कार करी, चिठ्ठी पुढे ठेवी आणि उभा राही. बसत नसे. भांडत नसे. फक्त उभा राही. काकाजींचे पैसे बुडाले नाहीत आणि ओळखही तुटली नाही. तुटली ती आमचीच, कारण आम्ही मनात धरून बसलो. दुकान बंद झाले त्याच वर्षी, २००६ मध्ये, लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा कायदा झाला. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानाला त्याचा फारसा आधार नाही. पण माल तयार करणाऱ्याला आहे, सेवा देणाऱ्याला आहे. कायदा आहे, मागायला तोंड नाही.

हे शिकवायचे काम मास्तरांचे नव्हे, असे माझे सहकारी म्हणतात. त्यांना मी इटलीतल्या लुका पाचोलीचे नाव सांगतो. जमा-खर्चाच्या दुहेरी पद्धतीची छापील मांडणी त्याच्या १४९४ च्या व्हेनिसमधल्या ग्रंथाने युरोपला दिली. तो व्यापारी नव्हता. ख्रिस्ती साधू होता आणि गणित शिकवी. व्यापाऱ्यांची रीत होती ती त्याने लिहून काढून वर्गात आणली. मास्तरांनी करायचे ते एवढेच, आणि ते आम्ही केले नाही. वर्गात 'रामने दहा आंबे घेतले' हे गणित मीही बदली तासाला घातले आहे. राम ते आंबे उधार देऊन बसला तर काय, हे कधी विचारले नाही.

हे सगळे मला यंदाच का सुचावे? दादाची मुलगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गणपतीच्या सुमारास तिने जाहीर केले, की परीक्षा झाली की ती सदरमध्ये अभ्यासिका काढणार. स्पर्धा परीक्षांची मुले महिन्याचे पैसे भरून जिथे दिवसभर वाचत बसतात, ती अभ्यासिका. दादाने बशी खाली ठेवली. पुढचे वाक्य वाचकांना पाठ आहे.

पोरगी माझ्याकडे आली. कागदावर तिने लिहिले होते: चाळीस जागा, प्रत्येकी नऊशे, छत्तीस हजार, भाडे चौदा हजार, फायदा बावीस हजार. "काका, बाबा काहून नाही म्हणून राहिले? साधं तर आहे!" मी देव्हाऱ्यातून लाल वही काढली. आई आता थकली आहे. तिने विचारले नाही. वहीची मागची पाने कोरी होती. मी म्हटले, "परीक्षा संपली की किती जागा रिकाम्या राहतात? मे महिन्यात नागपूरच्या उन्हात विजेचे बिल किती येईल? झाडूवाल्या बाई, पाण्याचे कॅन, इंटरनेट?" ती चिडून निघून गेली. चार दिवस सदरमधल्या अभ्यासिकांत फिरून परत आली ती आकडे घेऊन. वर्षाची सरासरी धरली तर चाळीसांत सव्वीस जागा भरतात. तेवीस हजार चारशे. वीज चार हजार, बाई दोन हजार, इंटरनेट आठशे, पाणी सहाशे, भाडे चौदा. एकूण एकवीस हजार चारशे. उरले दोन हजार, तेही तिने स्वतःचे दिवसभर बसणे फुकट धरल्यावर.

मला वाटले, आता रडेल. ती म्हणाली, "मुलं रस्ता पाहून थोडीच येतात? शांतता पाहून येतात." आणि आतल्या गल्लीतली नऊ हजारांची खोली पाहून आली. उरतात सात हजार. आमच्या दुकानात दादाला उरत होते त्याहून एक हजार जास्त, अर्थात रुपया तेव्हाचा राहिलेला नाही.

ही सगळी मांडणी तिने लाल वहीच्या मागच्या पानावर केली, आणि सगळ्यांत वर पहिली ओळ घातली: 'घरखर्च यातून नाही.' वही दोन दिवस दिवाणखान्यात उघडी पडली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो, तर दादा चष्मा लावून वही घेऊन बसलेला. माझी चाहूल लागली तशी त्याने मान वर केली नाही. पानावर बोट ठेवून फक्त एवढेच विचारले,

"अनामत कुठे धरली आहे हिने?"